स्वल्प केळी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "स्पीकरबद्दल कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "एका बाईनं जन्मभर स्पीकर विकले, हे वाचतील की लोक. फक्त कानडी शब्द जरा कमी घाला. पुण्याकडून नव्यानं आलेल्यांना कळत नाहीत." पहिलं म्हणणं मी ऐकलं. दुसरं ऐकता येणार नाही, कारण जी गोष्ट सांगायची आहे ती सगळी दोन कानडी शब्दांनीच घडवली. ते शब्द काढले तर खाली उरतात सहा स्पीकर आणि एक भिंत.

आमचं दुकान बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये. माझे वडील, अप्पा, कर्णे भाड्यानं द्यायचे. लग्न, कन्नड राज्योत्सव, गणपती, शाळेचं गॅदरिंग, कुठेही आमचेच कर्णे. भावाला त्यात रस नव्हता, मला होता, म्हणून मी दुकानात बसू लागले. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "अण्णा इल्वा?" म्हणजे दुकानातला पुरुष कुठे आहे. मी सांगायची, "जेवायला गेलेत. तोवर मी दाखवते." अप्पा गेल्यावरही मी हे उत्तर बदललं नाही. गिऱ्हाईक स्पीकर घेऊन निघून जायचं आणि अप्पा आपले जेवतच असायचे.

पुढे कर्णे मागे पडले आणि बागेतले स्पीकर आले. पुण्या-मुंबईची, नागपूरची मुलं इथे नोकरीला आली, त्यातली काही फ्लॅटला कंटाळून जुनी बंगलेवजा घरं भाड्यानं घेऊ लागली. घरापुढे हातभर बाग असते, संध्याकाळी हवा छान असते, मग वाटतं की बाहेर खुर्च्या टाकून गाणी ऐकावीत. इथवर सगळं बरोबर असतं. पुढची चूक मात्र सगळे एकसारखी करतात. खोलीतला मोठा स्पीकर उचलून पोर्चमध्ये ठेवतात आणि तोंड बागेकडे करतात.

घरात आवाजाला भिंती असतात. तो भिंतीवर आपटून परत येतो, छतावरून खाली येतो, म्हणून लहान स्पीकरसुद्धा खोली भरून टाकतो. बाहेर आवाज गेला तो गेला. त्यातून ठोका तर सगळ्यात आधी नाहीसा होतो, उरतो नुसता पातळ कलकलाट. मग माणूस आवाज वाढवतो. जवळ बसलेल्याचं डोकं दुखतं, लांब बसलेल्याला शब्द कळत नाहीत आणि तिसऱ्या घरातल्या दहावीच्या मुलाचा अभ्यास बुडतो. लोकांना वाटतं झाडं आवाज अडवतात. मेंदीचं कुंपण शेजाऱ्याची नजर अडवतं, आवाज अडवत नाही. यावर उपाय असा की एका मोठ्याऐवजी सहा लहान स्पीकर घ्यावेत, गुडघ्याच्या उंचीवर लावावेत, बसणाऱ्यांच्या जवळ आणि तोंड त्यांच्याकडे. स्पीकरची पाठ कायम कंपाउंडच्या भिंतीला असावी. मग आवाज इतका हळू ठेवता येतो की बोलणं थांबवावं लागत नाही. स्पीकरच्या आत थरथरून आवाज काढणारा पडदा असतो, तो ऊन आणि पाऊस सोसेल असा घ्यावा. कागदाचा पडदा बंगळूरच्या एका वर्षात पापडासारखा होतो, आणि उरलेल्यात मुंग्या संसार थाटतात.

गिऱ्हाइकाला हे ऐकायचं नसतं. त्याला विचारायचं असतं, "किती वॅट?" बेळ्ळंदूरच्या एका गृहस्थांनी दहाव्या मजल्यावरच्या चार कुंड्यांसाठी इतक्या वॅटचे स्पीकर मागितले होते की मी विचारलं, "कुंड्या बहिऱ्या आहेत का?" ते रागावून गेले. दुसऱ्या एका बाईंना दगडासारखा दिसणारा स्पीकर हवा होता. तो मी दिला. त्यांच्या कुत्र्याला तो दगडच वाटला आणि कुत्री दगडाशी जसं वागतात तसंच तो रोज सकाळी त्याच्याशी वागू लागला. तीन महिन्यांत दगड मुका झाला. अशी गिऱ्हाइकं आठवली की अजून हसू येतं, पण त्यांच्यासाठी मी लेख लिहिला नसता.

माझी कामाची एक पद्धत होती. रिक्षात एक घडीची खुर्ची घालून मी गिऱ्हाइकाच्या घरी जायची, बागेत ती मांडायची आणि पाव तास गप्प बसायची. काही दाखवायचं नाही, काही विचारायचं नाही. कुकरची शिट्टी कुठून येते, रस्ता किती बोलतो, कुठल्या झाडावर पक्षी जमतात, हे कळल्याशिवाय स्पीकर सांगायचा नाही. अप्पांनी शिकवलेलं होतं. काम झालं की मी भिंतीपाशी जाऊन कान लावायची. भिंतीशी काही ऐकू आलं नाही की काम पास. आमचा वायरमन मंजुनाथ अॅम्प्लिफायरचं बटण फिरवत विचारायचा, "अक्का, केळिसुत्ता?" म्हणजे ऐकू येतंय का. मी म्हणायची, "केळिसल्ला." नाही येत. मग तो पक्कड पिशवीत टाकायचा.

आता जयनगरच्या त्या घराबद्दल.

वैभव नागपूरचा आणि मृण्मयी पुण्याची. दोघंही कॉम्प्युटरमध्ये. जुनं बैठं घर भाड्यानं घेतलेलं, पुढे बाग, बागेच्या कोपऱ्यात शेजारच्या घराकडच्या भिंतीला लागून वेलची केळीची तीन-चार झाडं. दोघं दुकानात आली ती अगदी गुन्हा कबूल करायला आल्यासारखी.

"अक्का, आम्ही काय करून राहिलो, पार्टीचा स्पीकर आहे ना आमचा, तो पोर्चमध्ये ठेवून रोज संध्याकाळी गाणी लावून राहिलो," वैभव म्हणाला. "मस्त वाटते. पण हिला टेन्शन येते."

"शेजारी एक आजी एकट्या राहतात," मृण्मयी म्हणाली. "त्या काही म्हणाल्या नाहीत अजून. पण अॅक्चुअली आपणच विचार करायला हवा ना? आम्हाला असं काहीतरी हवंय की गाणी फक्त आम्हाला ऐकू येतील."

कुणी तक्रार करायच्या आत शेजाऱ्याची काळजी करणारं गिऱ्हाईक मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मला ती दोघं इतकी आवडली की मी ठरवलं, या घराचं काम असं करायचं की भिंतीपलीकडे आवाजाचा धागासुद्धा जाता कामा नये.

आणि तसंच केलं. खुर्ची टाकून बसले. सहा स्पीकर घेतले, बाहेरची वेताची बैठक मधोमध धरून गोल लावले, सगळ्यांची पाठ भिंतीला. मंजुनाथनं वायर पाइपातून मातीखालून नेली. संध्याकाळी मृण्मयीनं तिच्या आवडीची जुनी भावगीतं लावली. खुर्चीत बसलं की गाणारी बाई समोर बसून गातेय असं वाटायचं, आणि सहा पावलं मागे जाऊन भिंतीला टेकलं की नुसती पानांची सळसळ. मंजुनाथनं विचारलं, "केळिसुत्ता?" मी म्हटलं, "केळिसल्ला!" आणि त्या दिवशी जरा मोठ्यांदाच म्हटलं. इतकं सफाईचं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी वैभवचा फोन आला.

"अक्का, शेजारच्या आजी भिंतीपाशी येतात. काहीतरी लांबलचक बोलतात. आपल्याला तर काही समजत नाही. पण शेवटी मागतात ते आम्ही देतो."

"काय मागतात?"

"केळी."

"केळी?"

"हो ना. भिंतीवरून हात करतात आणि म्हणतात, स्वल्प केळी, स्वल्प केळी. स्वल्प म्हणजे थोडं, एवढं तर मला येते आता. आमच्या झाडाला घड लागलाच आहे, म्हणून अर्धी फणी दिली. दोन दिवसांनी परत आल्या, परत दिली. चार वेळा दिली, अक्का. काल आम्ही केळी पुढे केली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि केळी भिंतीवरच ठेवून आत गेल्या. कमी पडली काय?"

मी दुकानात खुर्चीवरच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मंजुनाथला सांगितलं, तोही शिडीवरून उतरून हसला. वाचकांनो, कानडीत केळ्याला बाळेहण्णु म्हणतात. आणि 'केळी' म्हणजे ऐका. 'स्वल्प केळी' म्हणजे जरा ऐका हो! ती बाई काकुळतीला येऊन सांगत होती, जरा ऐकून घ्या, आणि आमची ही गुणी मुलं दर वेळी तिच्या हातावर फणी ठेवत होती. काहीच कळलं नसतं तर त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं. कळलं असं वाटलं, तिथे घोटाळा झाला.

वैभवला समजावल्यावर तो अगदी ओशाळला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे त्या कम्प्लेंट करून राहिल्या होत्या?"

"दुसरं काय?" मी म्हटलं, आणि माझं हसू थांबलं.

कारण तक्रार म्हणजे आवाज भिंतीपलीकडे जातोय. माझ्या कामातून! मी भिंतीला कान लावून पास केलेल्या कामातून! त्याच दुपारी मंजुनाथला घेऊन मी जयनगर गाठलं. केळीजवळचे दोन स्पीकर काढून पार घराच्या भिंतीशी नेले. सगळ्यांची तोंडं आणखी खाली वळवली. अॅम्प्लिफायरवर खूण करून दिली, याच्यापुढे बटण न्यायचं नाही. शेजारचा दरवाजा बंद होता. एकदा वाटलं, जाऊन बेल वाजवावी, कानडीत दोन शब्द बोलावेत, माफी मागावी. पण आपल्या कामाबद्दलची तक्रार तोंडावर ऐकायची तीस वर्षांत सवय राहिली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, कामच बोलेल. आणि रिक्षात बसले.

ती बेल तेव्हाच वाजवायला हवी होती. वैभवला शब्द कळला नव्हता, पण त्यानं निदान चार वेळा काहीतरी हातावर ठेवलं. मला दोन्ही शब्द कळत होते आणि मी ऐकायला गेले नाही.

पुढच्या आठवड्यात मृण्मयीचा फोन आला. ती रडत होती. "अक्का, आजी घर सोडून चालल्यात. आज सकाळी त्यांच्या मोगऱ्याच्या कुंड्या आमच्या गेटपाशी आणून ठेवल्या. हातानं खूण केली की मी जाते, तुम्ही पाणी घाला. आत खोकी भरलेली दिसतात. आमच्या गाण्यांमुळे एक म्हातारी बाई स्वतःचं घर सोडतेय. मी सगळे स्पीकर काढून टाकणार आहे."

"काढू नको," मी म्हटलं. "मी उद्या येते. आणि या वेळी शेजारी जाते."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मेट्रोनं गेले. शेजारच्या घराची बेल वाजवली. पहिल्याच बेलला दार उघडलं. हे मी मनात टिपलं, का ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांचं नाव ललितम्मा. पंच्याहत्तरीच्या, काटक, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. मी कानडीत सांगितलं की शेजारचे स्पीकर मी लावलेत, त्रास झाला असेल तर माफी मागायला आलेय. त्यांनी मान किंचित वळवून डावा कान माझ्याकडे केला.

"कसला त्रास?" त्या म्हणाल्या.

"गाण्यांचा. तुम्ही भिंतीपाशी येऊन सांगत होता ना त्या मुलांना?"

ललितम्मांनी मला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं आणि त्या समोरच्या बाकावर बसल्या. आजूबाजूला खोकी होती, दोऱ्यांनी बांधलेली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांचा उजवा कान तरुणपणीच्या एका तापात गेला होता. यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात. मुलगी बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर. आई एकटी राहते याचा मुलीला घोर, म्हणून दोघींचा करार झाला होता. ज्या दिवशी डावा कान साथ सोडेल, म्हणजे बेल, फोन, कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही, त्या दिवशी हट्ट सोडून आईनं मुलीकडे राहायला जायचं. ललितम्मांनी शब्द दिला होता आणि शब्द मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"मग ही मुलं राहायला आली," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गाणी लावायची. तुमच्या मराठीतली, मला एक अक्षर कळायचं नाही. पण मी देवापुढे दिवा लावून इथे येऊन बसायची. तिथून, त्या पोर्चमधून, इतक्या लांबून गाणं इथवर यायचं. मी म्हणायची, ललिता, कान शाबूत आहे. आजचा दिवस हे घर तुझं."

मला काय ऐकावं लागणार आहे ते आता मला कळू लागलं होतं.

"मग एक दिवस गाणं आलंच नाही. मला वाटलं, लावलं नसेल. म्हणून उठून भिंतीवरून बघितलं. तर दोघं खुर्च्यांवर बसलेली. त्या मुलीचा पाय ताल धरतोय. तो मुलगा मान हलवतोय. गाणं चालू होतं! त्यांना ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं."

"मग तुम्ही विचारलंत."

"चार वेळा विचारलं. म्हटलं, बाळांनो, स्वल्प केळी, गाणं लागलंय की नाही तेवढं सांगा. ती दोघं एकमेकांकडे बघायची आणि मला फळं द्यायची." त्या जरा थांबल्या. "आपण कुणाला फळं देतो, सांगा. आजारी माणसाला. मी म्हटलं, पोरं चांगली आहेत. म्हातारीला तोंडावर बहिरी कशी म्हणणार? म्हणून फळं देतात."

बेल अजून ऐकू येत होती, पण गाणं गेलं म्हणजे बेलही आज ना उद्या जाणारच, असं धरून त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं होतं की कान गेला, मला घेऊन जा. रविवारी टेम्पो येणार होता.

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मी त्या बाईचा कान तिच्या डोक्यातून काढून घेतला होता, तोही इतक्या सफाईनं. आणि एकदा काढून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा येऊन उरलासुरलाही काढून नेला होता.

पण मी लगेच काही सांगितलं नाही. "कान ठीक आहे" असं सांगून पटणार नव्हतं. मुलीनं, डॉक्टरनं, कुणीही सांगितलं असतं तरी त्यांनी आपल्या डोळ्यांनी त्या मुलीचा ताल धरलेला पाय बघितला होता. मी पाणी मागितलं. त्या आत गेल्या तेवढ्यात मृण्मयीला फोन केला. सुदैवानं ती त्या दिवशी घरून काम करत होती. म्हटलं, "तो तुमचा जुना पार्टीचा स्पीकर कुठे आहे? पोर्चमध्ये काढ, पूर्वी ठेवायचीस तिथेच ठेव, आणि तेव्हा लावायचीस तेवढ्याच आवाजात गाणं लाव. काही विचारू नको."

ललितम्मा पाणी घेऊन आल्या. मी त्यांच्या मोगऱ्याबद्दल विचारलं. कुठल्या कुंडीला किती पाणी, शेणखत कधी, हे त्या सांगू लागल्या. मला मोगऱ्यातलं काही कळत नाही. मी नुसती मान हलवत होते आणि भिंतीकडे कान लावून बसले होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्या कळ्या खुडण्याबद्दल सांगत होत्या.

आणि वाक्याच्या मधोमध त्या थांबल्या. डावा कान भिंतीकडे वळला. हात हळूहळू वर गेला, शाळेत मूल हजेरीला वर करतं तसा, आणि तिथेच राहिला.

"केळिसुत्ते," त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं, "केळिसुत्ते!"

मलाही ऐकू येत होतं. पातळ, ठोका नसलेलं, आमच्या धंद्याच्या हिशेबानं अगदी टाकाऊ असं ते गाणं भिंतीवरून येत होतं. ललितम्मा पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. मग मी सगळं सांगितलं. सहा लहान स्पीकर, भिंतीला पाठ, धागा न जाऊ देण्याची माझी प्रतिज्ञा, दुसऱ्यांदा येऊन केलेला आगाऊपणा, आणि केळ्यांची गोष्ट. केळ्यांवर त्या हसल्या. बाकीच्यावर भडकल्या.

"म्हणजे ते तू केलंस?" आत्तापर्यंत मी 'तुम्ही' होते, ती एका दमात 'तू' झाले. "इतकं चांगलं काम कशाला गं केलंस? स्वल्प वाईट करायचं होतंस!"

माझ्या कामावर आलेली ती एकच तक्रार मी जन्मभर जपून ठेवली आहे.

संध्याकाळी वैभव आला तेव्हा मी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दुभाष्याचं काम केलं. तो ललितम्मांच्या पाया पडला. मृण्मयी मोगऱ्याच्या कुंड्या एकेक करून परत नेऊन ठेवत होती. टेम्पो रद्द झाला. मुलगी धावत आली, आईवर ओरडली, आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डावा कान उत्तम आहे, उजव्याचं तुम्हाला माहीतच आहे. खोकी उघडायला दोन दिवस लागले.

मी मंजुनाथला बोलावून सातवा स्पीकर लावला. केळीच्या बुंध्याआडून, भिंतीच्या वर तोंड काढून, थेट ललितम्मांच्या व्हरांड्याकडे बघणारा. मंजुनाथ शिडीवर चढून माझ्याकडे बघत राहिला. "अक्का, नक्की पलीकडेच तोंड करायचं ना?" जन्मभर भिंतीकडे पाठ करायला शिकवणाऱ्या बाईनं त्याला उलटं सांगितलं होतं. मी म्हटलं, पलीकडेच. आणि त्या एका स्पीकरचं बटण वायर ओढून ललितम्मांच्या व्हरांड्यात बसवलं. शाळेच्या वर्गातल्या स्पीकरला असतं तसं साधं गोल बटण. नको तेव्हा त्यांनी बंद करायचं, हवं तेव्हा हवं तेवढं लावायचं. गाणी मुलांची, बटण त्यांचं.

तेव्हापासून दुकानात मी एक नियम वाढवला. खुर्ची दोनदा मांडायची. एकदा गिऱ्हाइकाच्या बागेत आणि एकदा, परवानगी घेऊन, शेजाऱ्याच्या. पुष्कळांना हे विचित्र वाटलं. दोन-तीन शेजाऱ्यांनी मला आत घेतलं नाही. पण मल्लेश्वरममधल्या एका घरी पलीकडच्या आजोबांनी सांगितलं, "कमी करू नका, फक्त सातच्या आधी लावा, तेव्हा माझे व्यायाम असतात."

आता मी दुकानात बसत नाही. भाचेसून बघते. सगळ्यांना वाटतं, गुडघे दुखतात म्हणून अक्का घरी बसल्या. खरं कारण इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. एक दिवस नव्या स्पीकरची चाचणी चालू होती. मंजुनाथ म्हणाला, "अक्का, वरच्या पट्टीत सूं असा आवाज येतोय, माल परत पाठवायचा का?" मी कान लावला. मला कसलाच सूं ऐकू आला नाही. त्याच मालातल्या दुसऱ्या स्पीकरशीही नाही. मी म्हटलं, "हो, येतोय, पाठव परत." मंजुनाथशी मी पहिल्यांदा खोटं बोलले. त्यानंतर महिन्याभरात किल्ल्या भाचेसुनेच्या हातात दिल्या. वरचे सूर गेलेल्या बाईनं लोकांना स्पीकर निवडून देऊ नयेत, एवढं मला कळतं. वाईट वाटलं. अजून वाटतं.

कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात ललितम्मांकडे गेले होते. जाते मी अधूनमधून. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि आम्ही व्हरांड्यात बसलो. पलीकडे मृण्मयीनं गाणं लावलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, भिंतीकडे तोंड करून. तालाबरोबर मान हलवायची माझी जुनी सवय, ती हलवत होते. ललितम्मा माझ्याकडे बघत होत्या. बासरीचा एक तुकडा वर चढत गेला, पुढचा मला ऐकूच आला नाही, आणि मला वाटतं, माझी मान जिथे हलायला नको होती तिथे हलली असावी.

त्यांनी उठून बटणावर हात ठेवला आणि विचारलं, "केळिसुत्ता?"

हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला आहे, बटणावर हात ठेवून, घाईत, पुढच्या कामाची वेळ बघत. मंजुनाथही मला तो विचारायचा, पण स्पीकरसाठी; माझ्या कानासाठी कुणी विचारला नव्हता.

"स्वल्प," मी म्हटलं.

त्यांनी बटण थोडं पुढे फिरवलं. मग आत गेल्या आणि फणीतली दोन केळी आणून माझ्या हातावर ठेवली.